मामा धूसर आले

येडशीच्या उत्कर्षनं एका रविवारी, ताटात आमटी वाढलेली असताना, जाहीर केलं की या जिल्ह्यात आजवर एकही फोटो निघालेला नाही.

"मग भिंतीवर हे काय टांगलंय?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे उत्कर्षचे वडील. भिंतीवर त्यांचा आणि शिवकन्याबाईंचा लग्नातला फोटो होता.

"ह्याला फोटो म्हणत न्हाईत, अण्णा. ह्याला माणसं उभी करून बटण दाबणं म्हणत्यात. सगळंच स्पष्ट दिसतंय. बघणाऱ्यानं नजर ठेवायची कुठं?"

"तुझ्या आईवर ठेव की," अण्णा म्हणाले. "मी बी तिथंच ठेवलीया."

शिवकन्याबाई लाजल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या. उत्कर्षनं मात्र कपाळाला हात लावला. कलेतलं कळणारं माणूस या घरात नाही, हे त्याला फार पूर्वीच कळून चुकलं होतं. पूर्वी म्हणजे कॅमेरा आणल्यापासून, साधारण उन्हाळ्यापासून.

हा उत्कर्ष धाराशिवला एका खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळच्या एसटीनं यायचा, आणि दोन्ही वेळा खिडकीशी बसून मोबाइलवर फोटोग्राफीचे व्हिडिओ बघायचा. बघून बघून त्याला वाटायला लागलं की आपल्याला येतंय. मग सोलापूरहून एक वापरलेला कॅमेरा आला आणि त्याच्यासोबत एक भिंग आलं.

व्हिडिओंतून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. उत्कर्षनं त्यातलं एकच उचललं. भिंगाचा आकडा खाली आणला की समोरची एक वस्तू तेवढी स्पष्ट येते आणि मागचं सगळं धूसर होतं. हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून पठ्ठ्यानं तो आकडा परत म्हणून वर नेला नाही. रामलिंगला जाऊन त्यानं बेलाचं पान झकास काढलं आणि मागचं अख्खं देऊळ घालवलं. तिथलं माकड काढायला गेला, तर माकडाचं नाक तेवढं आलं, बाकीचं माकड धुक्यात. दुसऱ्या माकडानं तेवढ्यात भिंगाचं झाकण पळवलं. ते अजून तिथंच कुठल्यातरी झाडावर असेल.

हे सगळे फोटो तो 'छायाचित्र कट्टा' नावाच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपचे अॅडमिन सिद्धाराम सर. सरांना कुणी बघितलेलं नव्हतं, पण त्यांचा शब्द उत्कर्षला शेवटचा. सर लिहायचे, 'मागचं अजून धूसर हवं.' हा अजून करायचा. सर लिहायचे, 'चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत.' तेव्हापासून यानं फोटोखाली काही लिहिणंच सोडून दिलं. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, त्यानं पुढं एका धडधाकट माणसाचा जीव घेतला.

तर या कलावंताच्या धाकट्या बहिणीचं, निकिताचं, लग्न ठरलं. स्थळ धाराशिवचं. साखरपुड्याला फोटोवाला सांगू नका, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, असं उत्कर्ष छाती काढून म्हणाला आणि घरच्यांनी ऐकलं. चुकलं ते इथंच.

साखरपुड्याला उमरग्याहून महारुद्रमामा आले. शिवकन्याबाईंचे हे एकुलते एक थोरले भाऊ. उमरग्यात कुणाचाही वाढदिवस असो, चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत मामा असायचेच. काळा चष्मा, कानाला फोन, मिशीला पीळ. फोटो कसा असावा याबद्दल मामांचं मत पक्कं होतं. माणूस मधोमध पाहिजे, फेट्यापासून बुटापर्यंत पाहिजे आणि ओळखू आला पाहिजे.

मामांना दोन मुलगे, लेक नाही. निकिता पाचवीपासून बारावीपर्यंत त्यांच्याच घरी शिकली. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मामा पहिल्या रांगेत बसायचे आणि तिचा नाच संपला की उठून घरी यायचे. त्यामुळं नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं ही जी आपल्याकडची रीत, ती त्यांच्या लेखी रीत नव्हती, हक्क होता. साखरपुड्यालाही ते भगवा फेटा बांधून निकिताच्या मागं जाऊन उभे राहिले.

आणि उत्कर्षच्या कॅमेऱ्यात मागं उभं राहणाऱ्याचं काय होतं, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

फोटो आले. नवरदेवाचं नाक आलं, कान गेले. व्याह्यांचा हात आला, व्याही गेले. निकिताची ओटी भरतानाचा नारळ मात्र असा आला की शेंडीचा धागा न् धागा वेगळा दिसावा. तिच्या मागं, प्रत्येक फोटोत, एक भगवा गोळा.

"हा कोण?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"मामा."

"ह्यो मामा हाय?"

"आई, त्याला मागचं वातावरण म्हणत्यात."

शिवकन्याबाईंनी सोन्यासारख्या भावाचं झालेलं वातावरण बराच वेळ बघितलं आणि उत्कर्षला सांगितलं, की हे फोटो उमरग्याला पाठवायचे नाहीत. उत्कर्षनं मान हलवली. तेवढ्यात कट्ट्यावर त्याच्या नारळाला आठवड्याचा सर्वोत्तम फोटो म्हणून मान मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा पहिला नंबर. पोराला राहवेना. त्यानं ती पोस्ट उचलली आणि घरच्या 'आपली पाव्हणे मंडळी' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिली. ग्रुपवर मामा होते, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

बरं, फोटो एकटा गेला असता तरी निभावलं असतं. पण पोस्टखाली सिद्धाराम सरांचं मतही होतं. 'नारळ अप्रतिम. फक्त मागचा भगवा ठिपका नजर खेचतोय. पुढच्या वेळी काढून टाका.' आणि त्याखाली आमच्या कलावंताचं उत्तर, 'धन्यवाद सर. पुढच्या वेळी नक्की काढून टाकतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"उत्कर्ष हाय का?"

"बोला मामा."

"मामा न्हाय. भगवा ठिपका बोलतोय, उमरग्यावरनं."

"मामा, तसं न्हाय ते. ते कलेच्या दृष्टीनं—"

"पुढच्या वेळी म्हंजे लग्नात की रं? लग्नात मला काढून टाकणार हाईस म्हणं. तू कशाला तरास घेतोस? मीच येत न्हाय." फोन बंद.

त्यानंतर येडशीवरून केलेला एकही फोन मामांनी उचलला नाही. शिवकन्याबाईंचा नाही, अण्णांचा नाही. निकितानं केला, तो बराच वेळ वाजला आणि मग तोही बंद झाला. निकितानं मोबाइल खाली ठेवला आणि भावाकडं बघितलं.

"दादा, नीट ऐक. मामा माझ्या मागं उभा ऱ्हाणार नसंल, तर मी पाटावर उभी ऱ्हाणार न्हाय. पत्रिका छापल्या असू दे, न्हाईतर मांडव पडला असू दे."

"माझ्यावर का चिडतीस? सर म्हणाले ठिपका."

"तुझ्या सराला उभा कर मग माझ्या मागं."

शिवकन्याबाईंनी कॅमेरा विहिरीत टाकायची भाषा केली. अण्णा म्हणाले, विहिरीचं पाणी प्यायचं आहे, दुसरीकडं टाक. शेवटी ठरलं की उत्कर्षनं स्वतः उमरग्याला जायचं, मामांचे पाय धरायचे आणि त्यांचा एक असा फोटो काढायचा की माणूस खूश होऊन लग्नाला आला पाहिजे.

दुकानात रजा टाकून उत्कर्ष तुळजापूर, नळदुर्ग करत उमरग्याला पोचला. मामा ओसरीत बसले होते. भाच्याला बघून त्यांनी तोंड फिरवलं, पण गळ्यात कॅमेरा दिसल्यावर अर्धं परत वळवलं. अयोध्यामामीनं चहा आणला. उत्कर्षनं पाय धरले.

"मामा, आज फक्त तुमचा फोटो. मागं कुणी न्हाय, पुढं कुणी न्हाय. नारळ तर न्हायच."

मामा उठून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट, फेटा आणि चष्मा घालून बाहेर आले. कानाला फोन लावला.

"कुणाचा आलाय?" मामीनं विचारलं.

"कुणाचा न्हाय. फोटोपुरता."

उत्कर्षनं मोठ्या मिनतवारीनं तो फोन खाली ठेवायला लावला, चष्मा काढायला लावला, आणि खुर्चीवर बसवून नुसतं उन्हाकडं बघायला सांगितलं. मामांना ते पटलं नाही, पण त्यांनी बघितलं. आणि खरं सांगायचं तर फोटो सुरेख आला. कपाळावरच्या आठ्या, मिशीतले पांढरे केस, डोळ्यांतला किंचित राग. फक्त मागची भिंत पोपटी होती, खुर्चीवरचा टॉवेल गुलाबी आणि फेटा भगवा. तीन रंग एकमेकांच्या उरावर बसले होते.

परतीच्या एसटीत उत्कर्षनं फोटो मोबाइलवर घेतला आणि विचार केला. व्हिडिओत सांगितलेलं आठवलं. रंग भांडत असतील तर रंग काढून टाका. त्यानं काढून टाकले. मामा कृष्णधवल झाले. त्यानं चेहऱ्याभोवती थोडा अंधार सोडला. मग हे रूप बघून त्याचाच ऊर भरून आला आणि त्यानं फोटो पाव्हणे मंडळीच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहावं? सरांचं वाक्य आठवलं. काहीही लिहिलं नाही. मग खिडकीतून मोबाइलनंच नळदुर्गचा किल्ला काढत बसला, आणि त्या नादात मोबाइलची बॅटरी संपली.

आता तुम्हीच सांगा. घरच्या ग्रुपवर, भर दुपारी, एका वडीलधाऱ्या माणसाचा काळा-पांढरा फोटो येतो. खाली एक अक्षर नाही. आपण काय समजतो?

पहिली समजली ती कमलआत्या. ही अण्णांची थोरली बहीण, गुडघ्यांनी घरात बसवलेली, त्यामुळं मोबाइल सदैव हातात. तिनं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. लई वाईट झालं.' तिच्याखाली कुणीतरी हात जोडले. त्याच्याखाली आणखी कुणी. मग हातांची रांगच लागली. एकानं लिहिलं, 'कालपरवाच फ्लेक्सवर बघितलं होतं.'

शिवकन्याबाईंनी मामांना फोन लावला. उचलला नाही. पण तो तर रुसल्यापासून उचलतच नव्हता. मामीला लावला, तर बिझी. पुन्हा लावला, बिझी. अख्खे पाव्हणे त्याच वेळी मामीला लावत होते, हे त्या माउलीला कसं कळावं? उत्कर्षला लावला, तर बंद. आणि फोटो टाकला होता तो उत्कर्षनं, जो सकाळीच तिथं गेला होता. खोटं मानायला जागाच नव्हती. शिवकन्याबाईंनी हंबरडा फोडला आणि निकिता भिंतीला टेकून खाली बसली.

व्याह्यांचा फोन आला. माणूस सज्जन आणि तत्पर. म्हणाले, "अण्णा, ऐकलं. बाईंना सांभाळा. तारखेची काळजी करू नका, मी कार्यालयवाल्याला सांगून टाकलं की आमचं पुढं जातंय. वर्षाच्या आत करायचं का नंतर, ते दिवस झाल्यावर बघू."

संध्याकाळी उत्कर्ष शीळ घालत घरी आला. दारात चपला बघून बिचकला. अंगणात शेजारणी, ओसरीत अण्णा डोक्याला हात लावून बसलेले.

"अण्णा, कोण गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

अण्णांनी मान वर केली. "कोण गेलं? तूच टाकलास की ग्रुपवर."

"काय टाकलं?"

"मामा गेल्याचं."

"मामा कुठं गेले? मी निघालो तवा बसले होते की खुर्चीत. मला दोन चकल्या दिल्या बांधून."

त्यानं पिशवीतून चकल्या काढून दाखवल्या. शिवकन्याबाईंनी रडणं थांबवलं, चकल्यांकडं बघितलं, लेकाकडं बघितलं आणि पायातली चप्पल शोधायला लागल्या. चप्पल दारातल्या गर्दीत हरवली होती म्हणून उत्कर्ष वाचला. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. शेजाऱ्याची जीप काढली आणि सगळे तसेच उमरग्याला निघाले. वाटेत अण्णांनी व्याह्यांना फोन केला. मेलेला माणूस जिवंत आहे, हे समजावून सांगायला त्यांना तुळजापूरपासून नळदुर्गपर्यंत वेळ लागला.

उमरग्याला मामांच्या अंगणात ही गर्दी. मधोमध बाजेवर मामा. गळ्यात हार.

शिवकन्याबाई धावल्या आणि भावाच्या गळ्यात पडल्या. मामांनी बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. रागावलेले दिसत नव्हते. उलट चेहऱ्यावर एक निराळंच तेज होतं.

"हा हार कुणी घातला?" अण्णांनी विचारलं.

"म्याच घातला. आणलेला वाया कशाला घालवायचा?" मामा म्हणाले. "हणमंतप्पानं आणला."

हणमंतप्पा म्हणजे मामांचे शेजारी, किराणा दुकानदार. दोघांच्या घरांमधल्या भिंतीच्या वादावरून दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मामीनं मग सगळं सांगितलं. हणमंतप्पा हार घेऊन, डोळे पुसत आत आले, तर मामा समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. "अय्यो शिवने!" असं कानडीत ओरडून हणमंतप्पा जागेवरच खाली बसले. मग त्यांना पाणी पाजलं, मग चहा झाला, मग भिंतीचा विषय निघाला आणि तोही जागच्या जागी मिटला.

"रडला रं हणमंतप्पा," मामा दहाव्यांदा सांगत होते. "माझ्यासाठी. खरोखरीचं पाणी होतं डोळ्यांत. आन् दुसरे पाव्हणे फोनवर काय काय बोलले, ऐकायला पाहिजे होतं. माणूस सोन्याचा होता म्हणले. जिवंतपणी एकानं सांगितलं न्हाय."

मग त्यांची नजर उत्कर्षकडं गेली आणि तेज मावळलं.

"इकडं ये. एकदा माझा ठिपका केलास. एकदा मयत केलास. आता तिसऱ्यांदा माणूस काढ."

"काढतो मामा."

"लग्नाला येतो मी. पोरीसाठी येतो, तुझ्यासाठी न्हाय. पण निकीच्या मागं उभा असतानाचा माझा फोटो पाहिजे. रंगीत. फेट्यापासनं बुटापतूर. स्पष्ट. चष्मा घालणार न्हाय, न्हाईतर चष्म्याआड दुसराच कोण हाय म्हणून लोक म्हणतील. त्यात काय गडबड झाली, तर पुढच्या कार्याला मला बोलवू नका."

निकितानं मामांचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. उत्कर्ष मात्र गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघत बसला. कारण भिंगाचा आकडा वर कसा न्यायचा आणि नेल्यावर काय होतं, हे त्यानं आजवर बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षण नव्यानं सुरू झालं. कट्टा बंद, सर बंद. गोठ्यासमोर आईला उभं करायचं, तिच्या मागं म्हैस, आणि दोघी एकाच वेळी स्पष्ट आल्या पाहिजेत. आई म्हणजे निकिता. म्हैस म्हणजे मामा. हे त्यानं मामांना कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पहिल्या दिवशी आई आली, म्हैस गेली. दुसऱ्या दिवशी आकडा वर नेला, तर दोघी आल्या पण सगळं काळोखं. मग उजेड वाढवला, तर म्हैस गोरी आली. परीक्षणाला निकिता बसायची.

"म्हैस झ्याक आलीया," ती म्हणायची. "पण आईचे डोळे मिटल्यात आन् तिच्या डोक्यातनं म्हशीचं शिंग निघालंय. मामाच्या फेट्याचा तुरा माझ्या डोक्यातनं निघाला तर मारीन."

"मग जरा बाजूनं काढतो."

"बाजूनं काढ. आन् आईला सारखं हस म्हणू नको. म्हशीजवळ कोण हसतंय?"

असं करता करता, लग्न तोंडावर आलं तेव्हा, एका फोटोत आई, म्हैस, दावं आणि मागच्या पत्र्यावरचा कावळासुद्धा स्पष्ट आला. अण्णांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले, "आता कसं? सगळंच स्पष्ट." उत्कर्षनं खाली मान घालून भिंग पुसायला घेतलं. उन्हाळ्यापासून तो ज्याला नावं ठेवत होता, तेच शिकायला त्याला कार्तिक उजाडला होता.

कार्यालयवाल्यानं तारीख परत दिली. लग्न लागलं. मामा वेळेवर आले, चष्मा न घालता आले, बुटांना पॉलिश करून आले. अंतरपाट धरला गेला, निकिता हार घेऊन पाटावर उभी राहिली आणि तिच्या मागं, जरासे बाजूला, महारुद्रमामा ताठ उभे राहिले. उत्कर्षनं आकडा वर नेलेला दोनदा तपासला. मंगलाष्टकं सुरू झाली, पोरांनी आधीच अक्षता फेकायला सुरुवात केली. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला आणि उत्कर्षनं बटण दाबलं. त्या क्षणी त्यानं खरं तर काही बघितलंच नाही. धाकटी बहीण हार घालत होती आणि याचेच डोळे भरले होते. सवयीनं बोट दाबलं गेलं, इतकंच.

मांडवपरतणीला निकिता नवऱ्याला घेऊन माहेरी आली, तेव्हा सगळे येडशीला जमले. फोटो टीव्हीवर लावले. मामा सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर. व्याही आले, कान आले, वाजंत्री आले, पंगतीतले लाडूसुद्धा ओळखू आले. मामा प्रत्येक फोटोला मान डोलावत होते. "आता हाताला वळण लागलं पोराच्या," असं दोनदा म्हणाले. उत्कर्षची छाती फुगली.

मग तो फोटो आला.

निकिता स्पष्ट. नवरदेव स्पष्ट. आणि मागं महारुद्रमामा, फेट्यापासून बुटापर्यंत, लख्ख उजेडात, लहान पोरासारखे भोकाड पसरून रडताना. तोंड पूर्ण उघडं, आतली सोन्याची दाढ दिसतेय. दोन्ही गालांवरून धारा. नाकातून आणखी एक, मिशीपर्यंत आलेली. मिशीत तीन-चार अक्षता.

नवा जावई जमिनीकडं बघून गाल आतून चावत होता. मामीच शेवटी म्हणाली, "अगं बया. पायावर बैल उभा ऱ्हायला तवा बी हे रडले नव्हते."

"चहा ठेवा," मामा म्हणाले.

"आत्ताच झाला की."

"परत ठेवा. सगळे जा. जावईबापूंना गोठा दाखवा."

माणसं तोंड दाबून बाहेर पडली. खोलीत मामा, भाचा आणि टीव्हीवर रडणारे दुसरे मामा उरले. मामांनी खुर्ची जवळ ओढली.

"भाचे, लई स्पष्ट काढलास रं."

"तुम्हीच म्हणालात मामा."

"म्हणालो. पाचवीपासनं घरात होती ती. शाळेतनं आली की पहिली हाक मला मारायची. आवरलं न्हाय." मामांनी पंच्यानं नाक पुसलं. "साखरपुड्याला बी असाच रडलो होतो. मुद्दाम मागं सरकलो, कुणाला दिसू नये म्हणून."

उत्कर्ष बघतच राहिला. "मग ठिपका केला ते बरंच झालं की. रुसलात कशाला?"

"रडलेला दिसू नये. पण उभा होतो, ते दिसावं." मामांनी दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ते तुझं पहिलं होतं ना, मागचं पुसायचं. ते ह्याला करता येतंय का?"

उत्कर्षनं म्हशीमागं घालवलेले दिवस डोळ्यांसमोर आणले. मग निमूट मोबाइल काढला, फोटो त्यात घेतला आणि बोटानं मागचं धूसर करत गेला. सोन्याची दाढ गेली, धारा गेल्या, मिशी गेली. निकिताच्या मागं पुन्हा एकदा तो जुना भगवा गोळा उभा राहिला.

मामांनी मोबाइल हातात धरून पुष्कळ वेळ बघितलं. "हां," ते म्हणाले. "हा खरा फोटो. टाक ग्रुपवर."

"खाली काय लिहू?"

"काय लिहायचं न्हाय. चांगल्या फोटोला शब्द लागत न्हाईत, असं तुझा तो सर म्हणतोय ना?"

उत्कर्षनं टाकला. चहाचे कप अजून आतून यायचे होते, तेवढ्यात कमलआत्याचं आलं. गुडघ्यांमुळं तिला लग्नाला येता आलं नव्हतं.

'जोडा लई शोभतोय. पण महारुद्रभाऊ कुठंच दिसंनात. लग्नाला नव्हते का? तब्येत बरी हाय ना?'

आणि तिच्याखाली लगेच कुणीतरी हात जोडले.